आधी पडलेल्यानं हसायचं

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा माझे दोन्ही पाय हवेत होते.

मी माझ्या काकांबरोबर मुलगी पाहायला गेलो होतो. पालीच्या पलीकडं, बीडहून बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवणवेळेला पोचता येईल असं ते गाव. मी तेव्हा बीडच्या सरकारी मदरशात मास्तर होतो. निजामाच्या राज्यात शाळेला मदरसाच म्हणत आणि सगळं शिकवणं उर्दूतून चाले. आमच्या भावकीत उर्दू-फारसी शिकलेला मी पहिलाच, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची मी स्वतः काळजी घेत असे. गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी आणि डोक्यावर गोंड्याची लाल रुमी टोपी असा माझा थाट. उन्हाळ्यात मानेवर घामोळं यायचं, पण वरचं बटण काही मी काढत नसे. टोपीखाली माणूस होता की नुसतीच टोपी चालत होती, हे आज मला नक्की सांगता येणार नाही.

ओसरीवर एक बाज होती आणि तिच्यावर नवीकोरी वाकळ अंथरलेली. उंच, सडसडीत, समोरचा एक दात नसलेल्या पाटलांनी हात जोडून म्हटलं, "बसा मास्तर." मी शेरवानीचे पल्ले सावरून, मोठ्या अदबीनं बसलो, आणि बसतच गेलो. बाजेचे सुंभ मधोमध मुद्दाम ढिले करून ठेवलेले होते. माझी पाठ जमिनीला टेकली, गुडघे नाकाशी आले, टोपी छातीवर येऊन बसली. माजघराच्या दाराआड कोणीतरी खुदकन हसलं.

पाटील मात्र हसले नाहीत. ते खाली वाकून माझ्या तोंडाकडं बघत होते, वैद्य जीभ बघतो तसे. काकांनी ओढून मला बाहेर काढलं. मी टोपी घातली, गोंडा सरळ केला आणि अत्यंत थंडपणे म्हणालो, "कोई हर्ज नहीं."

पाटलांनी एक सुस्कारा सोडला. मग ते स्वतः उठले, त्याच बाजेवर धाडकन बसले, पाय वर करून तळाला गेले आणि तिथं पडल्या पडल्या खदाखदा हसले. त्यांचं हसणं आधी मुक्यानं खांद्यातून यायचं आणि मग पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की गावात कोणीही म्हणायचं, आबा हसायलेत. बाहेर येऊन धोतर झटकत ते काकांना म्हणाले, "झालं. फिट्टंफाट झाली."

काका घरी निघायच्या बेतात होते. पण जाता जाता माझ्या कानावर पडलं. पाटील आत आपल्या कारभारणीला सांगत होते, "पोरगं चांगलं हाय. शिकल्यालं हाय. फकस्त पडायला शिकलं न्हाई. शिकंल."

लग्न झालं. दाराआड हसलेली मुलगी माझ्या घरी आली. पुढं कितीतरी वर्षं मी शेरवानी घालून आरशासमोर उभा राहिलो की मागून ते खुदकन हसू ऐकू यायचं.

गाव त्यांना आबा म्हणे, मी मामा म्हणायचो. या मामांचं गावातलं वजन मोठं. भांडणं त्यांच्या ओसरीवरच मिटत. एकदा दोघं भाऊ बांधावरून कुऱ्हाडीपर्यंत आले होते. मामांनी दोघांना त्या ढिल्या बाजेवर शेजारी शेजारी बसवलं. दोघं घरंगळत मधे आले, एकमेकांच्या अंगावर पडले. एकानं दुसऱ्याचा खांदा धरल्याशिवाय कोणालाच वर येता येईना. बाहेर पडेपर्यंत थोरल्याला हसू फुटलं, धाकट्यानं त्याला एक शिवी दिली आणि अर्धं भांडण तिथंच संपलं. उरलेल्या अर्ध्याचा निवाडा मामांनी सरळ बसून केला.

पण गावात कुणाकडं मयत झाली की ती बाज आवळली जाई. आल्या-गेल्यानं टेकावं, डोळे पुसावेत, उठावं. दिवस-वार सगळं आटोपलं की महिन्याभरानं सुंभ पुन्हा ढिले. ओसरीवर बसण्याआधी हातानं बाज दाबून पाहिली की गावाची खुशाली कळायची.

त्यांचा एक नियम होता. "आधी पडलेल्यानं हसायचं, मग गावानं," असं ते म्हणायचे. "पडणारा हसला न्हाई आन गाव हसलं, तर ती चेष्टा न्हाई व्हत. त्यो मार व्हतो." आणि ज्याला त्यांनी पाडलं त्याच्यासारखं ते स्वतः पडून दाखवत. मी हा नियम उर्दूत भाषांतर करून आमच्या शिक्षकांच्या बैठकीत सांगून पाहिला होता. कोणी हसलं नाही. मी पडलो नव्हतो, म्हणूनही असेल.

आता गाढवाबद्दल सांगतो. आमच्या भागातल्या काही गावांत धुळवडीला जावई गाढवावर बसवायची रीत आहे. गळ्यात फाटक्या पायताणांची माळ, तोंड गाढवाच्या शेपटीकडं, पुढं हलगी, मागं सगळं गाव. मिरवणूक संपली की त्याच जावयाला न्हाऊ घालून, नवी कापडं करून पाटावर बसवतात. माझ्या सासरचं गाव या रीतीत अग्रेसर होतं आणि पाटलाचा जावई म्हटल्यावर माझा मान पहिला.

हा मान मी दरवर्षी चुकवला. होळीच्या आठ दिवस आधीपासून मी बीडच्या घराला आतून कडी लावून बसायचो. गावातली माणसं गाड्या जुंपून जावई धरायला यायची. एका वर्षी मी ज्वारीच्या कणगीत बसलो आणि तिथं मला शिंका आल्या, पण तोवर माणसं दुसऱ्या आळीला गेली होती. एका वर्षी अचानक भक्ती दाटून आल्यानं परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो आणि रंग वाळेपर्यंत तिथंच धर्मशाळेत राहिलो. परत आल्यावर सासऱ्यांचा निरोप आलेला असायचा, "जावाईबापू अजून गाढवाला लागलं न्हाईत. म्हंजे अजून पाव्हणेच हायत." हिला हे फार लागायचं. ती म्हणायची, "एकदा बसलात तर काय झिजताल का तुमी?" मी म्हणायचो, मास्तराची अब्रू काय असते ते तुला कळायचं नाही. ती माझ्या टोपीकडं बघायची आणि भाकरी थापायला लागायची.

नारायणगडाच्या जत्रेत तंबूतला बायस्कोप आला, त्या साली कार्तिकात मी, ही आणि मामा गाडीनं जत्रेला गेलो होतो. मोठा तंबू, मधे ओला केलेला पांढरा पडदा. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. त्यामुळं आम्हाला जो माणूस उजवीकडं पडताना दिसायचा तो बायकांना डावीकडं पडताना दिसे, आणि तो नेमका कुठं पडला यावर माझं आणि हिचं भांडण पुढं संक्रांतीपर्यंत चाललं. यंत्र एक चाचा हातानं फिरवत. बीडचे सायकली आणि कंदील दुरुस्त करणारे, पांढऱ्या दाढीचे, कायम मनगट चोळत बसलेले.

देवादिकांचं एक चित्र झालं, लोकांनी नमस्कार केले. मग एक विलायती चित्र लागलं. चौकड्याच्या पाटलोणीतला एक गोरा माणूस शिडी घेऊन भिंतीला चुना लावायला निघतो. वळताना शिडीचं मागचं टोक एका जाडजूड साहेबाच्या डोक्यात. साहेब उठतो तर पुढचं टोक. शेवटी गोरा शिडीवर चढतो, शिडी सरकते, तो एका हातानं छपराला लोंबकळतो आणि थेट खालच्या चुन्याच्या पिपात. साहेबाचं तोंड, भिंत, कुत्रं, सगळं पांढरं.

तंबू फुटेल की काय असा हशा झाला. मामांचे खांदे हलायला लागले, मग शिट्टी, मग डोक्याचा पटका सुटून पुढच्याच्या गळ्यात. माझ्याबद्दल सांगायचं तर, असल्या उनाड प्रकाराला सुशिक्षित माणसानं हसू नये असं माझं मत होतं, आणि ते मत टिकवण्यासाठी मी टोपीचा गोंडा दातात धरून बसलो होतो. घरी आल्यावर हिनं टोपी झटकताना विचारलं, "गोंडा उंदरानं खाल्ला का?"

खेळ संपला. लोक उठले. मामा उठेनात. ते यंत्राशी गेले.

"चाचा, त्यो गडी हसत कावून न्हाई?"

"कौन?"

"त्योच. चुन्यात पडल्याला. एवढा पडला, लोंबकळला, आपटला. एकदा बी हसला न्हाई बगा."

चाचा मनगट चोळत म्हणाले, "उने हस्या तो लोगां कायको हसते, पटेल? येच तो कारीगरी है उसकी."

मामांना हे पटलं नाही. ते तिथंच खाली बसले. "आमच्याकडं उलटं हाय. आन त्यो पिपातच ऱ्हायला की वो! चित्र संपलं, त्यो अजून आतच हाय. त्याला तसा ठिवून म्या घरी जाणार न्हाई. वर काढा त्याला."

"काढू कैसा?"

"फिरवा की यंत्र मागं. मोट न्हाई का मागं जात?"

मी शरमेनं अर्धा झालो. पाटील माणूस, जावई मास्तर, आणि यंत्रवाल्याशी हा वाद. पण चाचांचा चेहरा बदलला. त्यांनी दिवा सारखा केला, फीत जोडली आणि दांडा उलट्या बाजूनं फिरवला. चुना कुत्र्याच्या अंगावरून, भिंतीवरून, साहेबाच्या तोंडावरून उडून पिपात परत आला. पिपातून दोन पाय वर आले, मग पाटलोण, मग माणूस, आणि तो पाय वर करून उडत उडत छपरावर गेला. शिडी त्याच्याखाली येऊन आपोआप उभी राहिली.

बाहेर पडत असलेले लोक परत आत शिरले. पलीकडं बायका ओरडायला लागल्या. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आता चला," ते म्हणाले. "आता झोप यील."

त्यानंतर जत्रेतला प्रत्येक खेळ चाचांनी उलटा फिरवूनच संपवला. आता बीडमध्ये पक्कं थेटर झालंय, चित्रं बोलतात, माणसं गच्चीवरून मोटारीत आणि मोटारीतून नदीत पडतात. नातवंडांबरोबर मीही जातो आणि गोंडा नसल्यामुळं हसतो. पण कोणी पडलं आणि पुढचा देखावा सुरू झाला की माझं लक्ष मागंच राहतं.

जत्रेहून परतताना गाडीत मी मामांना बरंच व्याख्यान दिलं. दुसऱ्याच्या पडण्यावर हसणं हे गावंढळपणाचं लक्षण आहे, वगैरे. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "जावाईबापू, माणूस पडतो तवा सगळं सारखं व्हतं बगा. साहेब आन गडी, दोगं बी चुन्यात. म्हून बरं वाटतं. पर त्या पडद्यावरल्याला लागत न्हाई, ही भानगड हाय. लागत न्हाई म्हून आपुन लई हसतो. आन लई हसायची सवय वाईट." एवढं म्हणून ते झोपले. हा माणूस स्वतःच्याच बोलण्याला इतका बहिरा असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

कारण त्या दिवसापासून मामांना वेड लागलं. ते गोठ्याच्या छपरावरून कडब्याच्या गंजीत उड्या मारायला लागले. शिडी खांद्यावर घेऊन भर चावडीत गर्रकन वळायला लागले. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "या वयात माणसं वर देवाकडं बघत्यात. हे छपरावर चढून खाली बघायलेत." चाचांना त्यांनी बैलगाडी पाठवून गावात आणवलं, आमची पण चित्रं काढा म्हणून. चाचांनी सांगितलं, हे यंत्र फक्त दाखवतं, काढत नाही. मामांना यंत्राची फार कीव आली. "मग आमी डोळ्यांनीच काढतो," ते म्हणाले.

पौषात हुरड्याला मी आमच्या सदर मुदर्रिसांना, म्हणजे हेडमास्तरांना, मामांच्या शेतावर नेलं. हैदराबादचे खानदानी गृहस्थ, दाढी मेंदीनं रंगवलेली. मदरशात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. माझी नजर बढतीवर होती, आणि मी आदल्या दिवशीच जाऊन मामांना गळ्याची शपथ घातली होती की बाज आवळून ठेवा. मामांनी मला स्वतः हात लावून बाज दाखवली. ढोलासारखी ताणलेली. "झालं समाधान?"

झालं. शेतात आगटी पेटली, कणसं भाजली, साहेबांनी हुरडा आणि गूळ अदबीनं खाल्ला. मामा दिसेनात. "येतील, कामात असतील," मी म्हणालो. मोट चालू होती, आणि साहेबांनी तिच्याबद्दल विचारलं. विचारलं की मी सांगतो, हा माझा जुना दुर्गुण. अस्सल उर्दूत मी खुलासा सुरू केला. बैल उतारानं खाली चालले की चामड्याची मोट भरून वर येते. पाणी थारोळ्यात ओतलं की त्याच आवाजाबरोबर बैल आपसूक मागं मागं, पाठमोरेच उतार चढतात, आणि मोट परत विहिरीत जाते. "मुलाहिजा फर्माइए, जनाब, जानवर को कहना भी नहीं पड़ता," असं मी म्हटलं आणि हात पुढं केला.

चाक कुरकुरलं. मोट वर आली. मोटेत पटका बांधलेले, गळ्यापर्यंत भिजलेले मामा बसले होते. विहिरीच्या पायऱ्यांनी उतरून ते आधीच आत दबा धरून बसले असणार. त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांना दरबारी मुजरा केला.

साहेबांची दाढी आधी थरथरली. मग तो सद्गृहस्थ हुरड्याच्या पाटीवर हात आपटून आपटून हसायला लागला. "वाह, पटेल! वाह!" मोट हाकणारा गडी हसून हसून खाली बसला. आणि मी, इतक्या वर्षांत मामांच्या एकाही खोडीला न हसलेला मी, गोंडा तोंडात धरायचं विसरून हसलो. मामांनी ते पाहिलं. त्यांचं तोंड इतकं फुललं की काय सांगू. त्यांनी एक पाय थारोळ्याच्या दगडावर टाकला, दुसरा अजून मोटेतच, आणि खास माझ्यासाठी पुन्हा एकदा वाकून मुजरा केला.

मोटेतलं पाणी थारोळ्यात पडायला लागलं होतं. तो आवाज बैलांनी ऐकला आणि ते रोजच्यासारखे मागं चालायला लागले.

मामांचे पाय फाकले. एक दगडावर, एक खाली जाणाऱ्या मोटेत. क्षणभर त्यांचं तोंड हुबेहूब त्या चुन्यातल्या माणसासारखं झालं, अजिबात न हसणारं. मग ते दिसेनासे झाले.

आम्ही आणखी मोठ्यानं हसलो. साहेब टाळ्या वाजवत "दोबारा!" म्हणाले. सगळ्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग आहे. आम्ही शिट्टीची वाट बघत राहिलो, आणि विहिरीतून शिट्टी आली नाही.

अर्ध्यावरच्या दगडी टप्प्यावर ते कमरेवर आपटले होते. त्याच मोटेत निजवून त्यांना वर काढलं.

बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं, मग हाडवैदानं पाट्या बांधल्या. मामा ओसरीवर त्याच बाजेवर पडून राहिले. बाज ताणलेली होती, माझ्या शपथेमुळं. माणसं भेटायला यायची, मयताला आल्यासारखी कडेला टेकायची आणि उठून जायची. मामा भिंतीकडं तोंड करून असायचे. बोलणं बंद झालं. भाकरीचा चतकोर सुद्धा सासूबाईंनी भरवला तरच. माघाच्या अखेरीस हाडवैद पाट्या सोडून म्हणाला, "हाड धरलंय. आता हे उठून बसाय पाह्यजेत. असंच पडून ऱ्हायलं तर अंगाला फोड येत्याल, छातीत पानी व्हईल, आन मंग म्या बी काय करू, देव बी काय करील." आम्ही धरून बसवायचो. मामा डोळे मिटायचे आणि अंग सोडून द्यायचे. सासूबाई पायाशी बसून रडायच्या. ही त्यांना हाका मारायची, लहानपणीच्या हाका.

मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मला कधी कोणी पाडलं नव्हतं इतक्या प्रेमानं या माणसानं पाडलं होतं, आणि तोच आता न हसता पडून राहिला होता. मी एकदा रागानं बोललोच, "मामा, तुमचाच नियम ना? आधी पडलेल्यानं हसायचं?"

त्यांनी तोंड न वळवता सांगितलं, "हितं उलटं फिरवणारं कुणी न्हाई, जावाईबापू." एवढंच. नंतर पुन्हा भिंत.

होळी आली. त्या वर्षी जावई धरायला बीडला कोणी आलं नाही. आबाच असे पडलेले, रीत करायची कशी, असं गावानं ठरवलं होतं. ही म्हणाली, "यंदा सुटलात तुमी." मी हो म्हणालो. मग शेरवानी काढून झटकली, टोपीला ब्रश मारला. हिनंही गाठोडं बांधलं आणि आम्ही रात्रीच गाडी जुंपून निघालो. धुळवडीच्या सकाळी मी आपण होऊन गावात उतरलो, तेव्हा वेशीतली माणसं भूत पाहिल्यासारखी उभी राहिली.

"गाढव कुठंय?" मी विचारलं.

"मास्तर, यंदा न्हाई," एक म्हातारा म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

"गाढव आणा," मी मदरशात छडी मागतो त्या आवाजात म्हणालो.

गाढव आलं. पायताणांची माळ आली. मला उलटं बसवलं. हलगीवाल्यानं अंदाज घेत घेत काडी मारली. आणि मग माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर मिरवणूक निघाली, कारण कोणीही हसत नव्हतं. पुढं गाढव, त्यावर शेरवानी, टोपी आणि पायताणं, आणि मागं सगळं गाव खाली मान घालून. इतकी वर्षं मला हसण्याची भीती वाटत होती. माणसं हसत नसताना गाढवावर बसून पाहावं, मग कळतं.

मिरवणूक मामांच्या अंगणात आली. ही आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. मामांनी हलगीच्या आवाजानं मान वळवली, मला पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

माझा बेत असा होता की मोटेतल्या त्यांच्यासारखा दोन्ही हातांनी दरबारी मुजरा करायचा. त्यासाठी मी शेपटी सोडली. गाढवाला बेत माहीत नव्हता. त्यानं मागचे पाय उडवले आणि मी त्याच्या ढुंगणावरून घसरून, मनगटावर, ओसरीच्या पायरीशी आपटलो. हातात कळ गेली ती खांद्यापर्यंत. टोपी घरंगळत कुठंतरी गेली. मला फक्त आभाळ दिसत होतं. हलगी थांबली.

"लागलं का?"

आवाज खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला. कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. मी मान उचलली. बाजेच्या काठामुळं पडल्या जागेवरून मामांना पायरीशी पडलेला माणूस दिसत नसणार. म्हणून त्यांनी काठ धरला होता, कोपरावर आले होते, आणि आता दोन्ही हात टेकून, ओठ आवळून, उठून बसले होते. मान पुढं काढून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मुलगी पाहायला आलेल्या मास्तराकडं पाहिलं होतं, अगदी तसे.

काय अपेक्षा आहे ते मला माहीत होतं. खरं सांगतो, फार लागलं होतं. मी हसलो. पहिलं हसू खोटं होतं, दुसरं तितकंसं नव्हतं. पायताणाची एक टाच माझ्या नाकावर आली होती. ती बाजूला करता करता मला असं हसू फुटलं की पोटात दुखायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाण्यातलं थोडं मनगटाचं असेल.

मामांचे खांदे हलले. मग शिट्टी वाजली.

त्यानंतर गाव हसलं. दारातून ते जुनं खुदकन आलं, आणि त्याच्यामागून हुंदका आला. सासूबाई ओरडल्या, "आगं बसलेत! बसलेत ते!" तेव्हा कुठं बाकीच्यांच्या लक्षात आलं.

मामांनी बाजेचा काठ धरलेला एक हात सोडला, उचलला, आणि हवेत गोल गोल फिरवायला लागले. उलट्या बाजूनं. जत्रेला गेलेल्यांना लगेच कळलं. चौघांनी मला पायांकडून उचललं. पाय आधी, पाठ मागाहून, असा मी हवेतून मागं मागं गेलो आणि ढुंगणावर चढून पुन्हा गाढवावर बसलो. कोणीतरी टोपी टाकली, ती आपसूक डोक्यावर आल्यासारखी बसली. शेजारच्या खेड्यातून हाडवैदाला बोलवायला माणूस पळाला, या खेपेला माझ्यासाठी.

मामांचा हात थांबला. दाताच्या फटीतून अजून हवा सुटत होती.

"हां," ते म्हणाले. "ब्येस. आता परत सुलटं फिरवा."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी चांगल्या हातानं शेरवानीचं वरचं बटण काढलं.